एका वेळी एकच मूल: अडखळत वाचणाऱ्या मुलांना वाचते कसे करावे?

वाचनसोबती

सहा ते नऊ या वयातील, वाचनात वर्गाच्या मागे पडलेल्या मुलांना एकेकटे घेऊन शिकवण्याचे काम मी काही वर्षे करत आहे. या कामाविषयी बोलणे निघाले की दोन समजुती हमखास पुढे येतात. पहिली अशी, की मुलाला जास्त वेळ आणि माया मिळाली की त्याला वाचता येऊ लागते. दुसरी अशी, की आधी त्याचा आत्मविश्वास वाढवावा, मग वाचन मागोमाग येईल. दोन्हींत थोडे तथ्य आहे. पण एकेकट्याने शिकवण्याचा खरा लाभ माझ्या मते वेगळाच आहे. भरलेल्या वर्गात मूल चुकले एवढेच शिक्षकाला कळते. शेजारी बसल्यावर ते नेमके कोठे आणि कशामुळे चुकले हे ऐकू येते आणि चूक ताजी असतानाच त्यावर काम करता येते.

उदाहरणादाखल ‘करवत’ हा शब्द घेऊ. एक मूल क, र, व, त ही चारही अक्षरे अचूक ओळखते, पण शब्द जोडता न आल्याने थांबते. दुसरे मूल पहिली दोन अक्षरे पाहून ‘करतो’ असे ठोकून देते आणि पुढे निघून जाते. तिसरे मूल शब्द बरोबर वाचते, पण इतक्या सावकाश की वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत त्याला वाक्याची सुरुवात आठवत नाही. गुणपत्रिकेवर या तिघांसमोर एकच शेरा पडतो आणि वर्गात तिघांनाही ‘पुन्हा वाच’ एवढीच सूचना मिळते, तरी तिघांची अडचण एकमेकांपासून अगदी निराळी आहे.

पहिल्या मुलाच्या अडचणीचे मूळ आपल्या लिपीत आहे. आपण प्रत्येक अक्षर ‘अ’ मिसळून शिकवतो; पण शब्द बोलताना शेवटच्या आणि पुष्कळदा मधल्याही अक्षरातला ‘अ’ गळून पडतो. क-र-व-त असे चार ठोके कितीही वेगाने म्हटले तरी ‘कर्-वत्’ असा बोलण्यातला शब्द त्यातून आपोआप निघत नाही. या मुलाशी मी आधी अक्षरे न दाखवता तोंडी खेळ खेळतो: मी ‘कर’ म्हणून क्षणभर थांबतो, मग ‘वत’ म्हणतो आणि जोडण्याचे काम त्याच्यावर सोपवतो. त्यानंतर तोच शब्द कागदाच्या पट्टीने झाकून दोन तुकड्यांत उघडतो. दुसऱ्या मुलाला करत, करवत, कळत, कळवत असे एकाच अक्षराने बदलणारे शब्द वाचायला द्यावे लागतात, कारण तेथे अंदाज चालत नाही. तिसऱ्याला नवे काहीच शिकवायचे नसते. त्याने तोच छोटा उतारा ओघ येईपर्यंत तीन-चारदा वाचणे एवढेच आवश्यक असते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एस. जे सॅम्युअल्स यांनी १९७९ मध्ये मांडलेली पुनर्वाचनाची ही पद्धत दिसायला कंटाळवाणी आहे, पण दुसऱ्या खेपेचे वाचन पहिल्यापेक्षा सरस झाले हे मुलाला स्वतःच्या कानांनी ऐकू येते, आणि त्याला हवा असलेला पुरावा तोच असतो.

‘लहान आहे, येईल हळूहळू’ हा सल्ला देणाऱ्यांसाठी एक आकडा नोंदवतो. वाचनाच्या अमेरिकी अभ्यासक कॉनी ज्युएल यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५४ मुलांचा पहिली ते चौथीपर्यंत मागोवा घेतला होता. पहिलीच्या अखेरीस वाचनात कच्चे असलेले मूल चौथीच्या अखेरीसही कच्चेच राहण्याची संभाव्यता ०.८८ निघाली. अभ्यास छोटा आहे हे मान्य. तरीही नुसते थांबून राहण्याच्या बाजूने त्यातून काही निघत नाही.

मुलाला शब्द केव्हा सांगावा आणि केव्हा थांबावे, मजकूर कोणता निवडावा आणि ही मदत केव्हा बंद करावी, या तीन प्रश्नांवर इतरांचे अनुभव वाचायला आवडतील.

रफार

मी प्राथमिक वर्गांना शिकवते. वर्गातल्या शिक्षकाला चूक कोठे झाली हे कळत नाही असे नाही. कळूनही त्या मुलापाशी तेवढा वेळ थांबता येत नाही, ही खरी अडचण आहे. एवढी दुरुस्ती नोंदवून लिपीचा मुद्दा पुढे नेते.

एकेका व्यंजनाला बाराखडीची बारा रूपे धरली तरी मुलाला ४०० हून अधिक अक्षररूपे ओळखावी लागतात, आणि यात जोडाक्षरे धरलेली नाहीत. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर केलेल्या अभ्यासात असे दिसले की अशा अक्षरप्रधान लिपीवर पकड यायला शाळेची पहिली कित्येक वर्षे जातात. त्यामुळे दुसरीतल्या मुलाला जोडाक्षरे अडतात म्हणून लगेच घाबरण्याचे कारण नाही; मात्र त्याला काना आणि वेलांटीही अडत असेल तर लक्ष द्यायलाच हवे.

काही अडचणी वरवर पाहता हलगर्जीपणाच्या वाटतात, पण तशा नसतात. ‘दिवस’मधली पहिली वेलांटी ‘द’च्या आधी लिहिली जाते आणि नंतर उच्चारली जाते. ‘वर्ग’मधला रफार ‘ग’च्या डोक्यावर बसतो, पण आवाज त्याच्या आधी करतो. हाच ‘र’ ‘चक्र’मध्ये एका रूपात असतो आणि ‘राष्ट्र’मध्ये दुसऱ्या. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य या जोड्यांतला फरक एका छोट्या वळणाचा आहे. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ एकच लिहिला जातो, पण दोन तऱ्हांनी उच्चारला जातो. यांपैकी नेमके कोणते कोडे मुलाला सुटलेले नाही हे शोधल्याशिवाय सराव वाढवणे व्यर्थ आहे.

आणखी एक. सगळी मुळाक्षरे झाल्याशिवाय शब्द नाहीत आणि सगळी बाराखडी झाल्याशिवाय वाक्ये नाहीत, हा क्रम कच्च्या मुलाला फार जाचक होतो. क, म, र, ब आणि काना एवढे आले की काम, मका, बाक, बारा, बरा, मारा हे शब्द वाचता येतात. पहिल्याच आठवड्यात खरा शब्द वाचलेले मूल आणि महिनोन्‌महिने अक्षरेच घोकत बसलेले मूल यांच्या उत्साहात जमीन-अस्मानाचा फरक असतो. बाराखडी चालीवर म्हणणारी, पण मधलाच एक ‘कौ’ वेगळा काढून दाखवला तर गप्प होणारी मुले मी दर वर्षी पाहते.

ओंजळ

माझी मुलगी दुसरीत आहे. ओळखीचे पुस्तक ती घडाघडा वाचते, मात्र नव्या पुस्तकाच्या पहिल्याच ओळीवर अडते. अडली की ती पुस्तकाकडे न पाहता माझ्या चेहऱ्याकडे पाहते आणि मी काही बोलण्याआधीच ‘मला येत नाही’ असे म्हणून मोकळी होते. पालकांनी स्वतः शिकवावे की हे काम बाहेरच्या कोणाकडे द्यावे? वाचायला बसण्याच्या वेळी घरातले वातावरण तंग होते, म्हणून विचारते.

वाचनसोबती

ओंजळ, सर्वप्रथम तिची दृष्टी आणि श्रवण तपासून घ्यावे. फळ्यावरचे स्पष्ट दिसत असूनही जवळची अक्षरे धूसर दिसणे शक्य असते, आणि वरचेवर कान दुखणाऱ्या मुलांना सारखे आवाज वेगळे ऐकू येण्यात अडचण असू शकते. ही शंका फिटली की पुढचे बोलता येते.

घडाघडा वाचन आणि नव्या ओळीवर अडणे हे दोन्ही एकत्र दिसत असेल, तर पुस्तक पाठ झाले असण्याची शक्यता बरीच आहे. पाठ होणे वाईट नाही, पण त्याला वाचन समजून चालत नाही. त्याच पानावरचा मधलाच एखादा शब्द बोट ठेवून विचारावा किंवा शेवटची ओळ आधी वाचायला सांगावी. लगेच उलगडा होईल. मग त्याच पुस्तकातले शब्द घेऊन तुम्ही स्वतः चार नवी वाक्ये लिहावीत. शब्द ओळखीचे, पण वाक्य कधी न पाहिलेले, असा मजकूर तिच्यासाठी सध्या सर्वांत उपयोगी ठरेल.

चेहऱ्याकडे पाहण्याविषयी: तिच्या समोर बसू नका, शेजारी बसा आणि स्वतःची नजर पुस्तकावर ठेवा. ती अडली की साधारण पाच सेकंद काहीही बोलू नये. न्यूझीलंडमध्ये टेड ग्लिन, स्टुअर्ट मॅकनॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस पालकांसाठी जी पद्धत तयार केली, तिचा गाभा थांबा, सुचवा आणि कौतुक करा असा आहे. यातले थांबणेच मोठ्यांना सर्वांत जड जाते, कारण ते पाच सेकंद फार लांब वाटतात. परंतु मूल स्वतः मागे जाऊन चूक सुधारते ते याच अवकाशात, आणि आपण घाईने शब्द पुरवला की ती संधी हिरावली जाते. सुचवायचे तेही शब्द सांगून नव्हे, तर ‘या अक्षराचा उकार पाहा’ असे जागा दाखवून. कौतुक करताना नुसते ‘छान’ न म्हणता काय छान झाले ते सांगावे: ‘तू आधी पाउल म्हणालीस, मग पुन्हा पाहून पाऊस केलेस.’ असे ऐकलेल्या मुलाला पुढच्या वेळी काय करायचे हे कळते. नुसते ‘छान’ ऐकणाऱ्याला आपण सुटलो एवढेच कळते.

पालकांनी शिकवावे का? अक्षरे आणि जोडणी शिकवण्याचे काम शक्य असल्यास दुसऱ्या कोणाकडे द्यावे आणि घरी केवळ सोबतीने वाचन ठेवावे, असे माझे मत आहे. कीथ टॉपिंग यांनी रुजवलेली जोडीने वाचण्याची रीत घरासाठी सोयीची आहे. दोघांनी एकाच वेळी, मुलाच्या गतीने, मोठ्याने वाचायचे. एकटीने वाचावेसे वाटले की तिने ठरलेली खूण करायची, उदाहरणार्थ टेबलावर टकटक. मग तुम्ही गप्प व्हायचे. ती चुकली आणि चार-पाच सेकंदांत सावरली नाही, तर शब्द सांगायचा, तिच्याकडून तो म्हणवून घ्यायचा आणि पुन्हा जोडीने वाचू लागायचे. येथे चुकीचा पंचनामा होत नाही, त्यामुळे घरातला ताण पुष्कळ उतरतो.

साशंक

चर्चा चांगली चालली आहे, पण एकेकट्याने शिकवण्याच्या पद्धतीभोवती जी भक्ती असते तिच्याविषयी काही लिहिणे गरजेचे वाटते.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये असे मांडले की एकेकट्याने, प्रत्येक टप्पा पक्का करून शिकवलेले सरासरी मूल वर्गातील सरासरीच्या दोन प्रमाण विचलने (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेले आहेत याचे माप) पुढे जाते. हा दावा आजही जागोजागी उद्धृत केला जातो. मात्र २०२० मध्ये निकोव, ओरिओपुलस आणि क्वान यांनी ९६ प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले तेव्हा सरासरी परिणाम ०.३७ प्रमाण विचलन एवढा निघाला. शिक्षणातल्या इतर उपायांशी तुलना करता तोही भरघोस आहे. पण तो दोनच्या आसपासही नाही.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. मेरी क्ले यांनी १९७० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये ‘रीडिंग रिकव्हरी’ हा कार्यक्रम घडवला: पहिल्या इयत्तेतील सर्वांत मागे असलेली मुले, प्रशिक्षित शिक्षक, रोज अर्धा तास, १२ ते २० आठवडे. अमेरिकेत त्याचा मोठ्या प्रमाणावर अभ्यास झाला आणि तात्काळ परिणाम उत्तम दिसले. त्याच मुलांचा पुढे मागोवा घेतल्यावर २०२२ मध्ये जे निष्कर्ष मांडले गेले, त्यांनुसार तिसरी-चौथीत ती मुले थोडक्या गुणांमुळे या मदतीपासून वंचित राहिलेल्या तुलनीय मुलांपेक्षा मागेच होती. पुढच्या टप्प्यात अनेक मुलांची माहिती उपलब्ध नव्हती, म्हणून या निष्कर्षावर वाद झाला, तो रास्तच आहे. तरीही मुलाला चित्रावरून, वाक्याच्या अर्थावरून आणि पहिल्या अक्षरावरून शब्द ताडायला शिकवण्यावर या पद्धतीचा जो भर होता, त्याकडे बोट दाखवणाऱ्यांचे म्हणणे मला पटते. शेजारी बसून चुकीची सवय लावली तर तीही एकाग्रतेनेच लागते.

आणि एकच मूल असणे खरोखर आवश्यक आहे का? शॅरन वॉन आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या अभ्यासात एकास एक आणि तिघांच्या गटाला एक शिक्षक या दोन्ही रचना दहांच्या गटापेक्षा सरस ठरल्या, पण त्या दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. जेथे मुले पुष्कळ आणि शिकवणारे थोडे, तेथे या निष्कर्षाचा विचार करावाच लागेल.

वाचनसोबती

साशंक, तुमच्या प्रतिसादातील बहुतेक मुद्दे मला मान्य आहेत, आणि अंदाजाविषयीचा तर पूर्णपणे. चित्रात नदी आहे म्हणून ‘पाणी’ या शब्दाला ‘नदी’ म्हणणारे मूल लहान पुस्तकांत अस्खलित वाटते. पुढे चित्रे कमी होतात, शब्द अनोळखी होतात, आणि तिसरीच्या सुमारास ते एकदम अडल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात ते आधीपासूनच अडलेले असते. संदर्भावर टेकून वाचणे हे चांगल्या वाचकाचे लक्षण समजले जात असे, पण वाचनाचे अभ्यासक कीथ स्टॅनोविच यांच्या कामातून उलट चित्र पुढे आले: शब्द ओळखण्यासाठी संदर्भाचा आधार कच्च्या वाचकालाच जास्त घ्यावा लागतो. अर्थाचा उपयोग अक्षरे वाचून झाल्यावर, वाचलेले जुळते की नाही हे ताडण्यासाठी जरूर करावा. आधी अक्षरे, मग अर्थाची पडताळणी, हा क्रम मी मोडू देत नाही.

तिघांच्या गटाविषयी मात्र थोडा मतभेद आहे. तीन मुलांपर्यंत प्रत्येकाचा आवाज शिक्षकाच्या कानावर पडतो, म्हणून तो निष्कर्ष माझ्या म्हणण्याला धरूनच आहे. परंतु तिघांत एक मूल नेहमी आधी उत्तर देते आणि दोघे त्याच्यामागे लपू शकतात. वर्गात ज्याच्या वाचनाला मुले हसली आहेत, ते मूल दोन सोबत्यांसमोरही तोंड उघडत नाही. अशा मुलाला सुरुवातीचे काही आठवडे एकटे घ्यावे आणि आवाज मोकळा झाला की गटात न्यावे, अशी तडजोड मला व्यवहार्य वाटते.

पाऊलवाट

अर्थाचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये मांडलेल्या सूत्रात वाचन हा शब्द ओळखणे आणि भाषा समजणे यांचा गुणाकार मानला आहे, बेरीज नव्हे. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच. घरी वेगळी भाषा किंवा बोली बोलणारे मूल शब्द अचूक जोडते, पण तो शब्द त्याने कधी ऐकलेलाच नसतो, त्यामुळे आपण बरोबर वाचले की चूक हे त्याला पडताळता येत नाही. अशा मुलाला जोडणीचा आणखी सराव देऊन भागत नाही. प्रत्येक बैठकीत पाच-सात मिनिटे आपण त्याला त्याच्या वाचनपातळीच्या वरचे काहीतरी वाचून दाखवावे आणि त्यावर त्याच्याशी बोलावे.

रफार

मजकुराच्या निवडीविषयीचा प्रश्न मागे राहिला होता. मेरी क्ले यांच्या कार्यक्रमावरची टीका योग्य असली तरी नोंदी ठेवण्याची त्यांची शिस्त उचलण्याजोगी आहे. शंभर शब्दांच्या उताऱ्यात ९० ते ९४ शब्द बरोबर आले तर तो शिकवण्यासाठी योग्य, त्याहून अधिक आले तर एकट्याने वाचण्याजोगा, आणि ९० पेक्षा कमी आले तर तूर्त बाजूला ठेवावा, असा त्यांचा ढोबळ हिशेब आहे. मी कच्च्या मुलांना वरच्या टोकाकडचाच मजकूर देते, कारण दर दहा शब्दांमागे एकदा अडखळणेही त्यांना पराभवासारखे वाटते.

अर्ध्या तासाची बैठक असेल तर सुरुवात कालच्या ओळखीच्या उताऱ्याने करावी, मग एकाच अडचणीवर नेमके काम, त्यानंतर ती अडचण मुद्दाम पेरलेला नवा मजकूर, आणि अखेरीस एक-दोन वाक्यांचे श्रुतलेखन. श्रुतलेखन टाळू नये. वाचताना मूल ‘दीर’ आणि ‘धीर’ संदर्भाने निभावून नेते. लिहिताना त्याने ऐकले काय हे उघडे पडते.

बैठका सलग असणे मात्र फार महत्त्वाचे. आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटे बसणे कितीतरी चांगले, कारण नुकतेच ओळखू लागलेले अक्षर आठवडाभराच्या खंडात पुन्हा परके होते.

ओंजळ

शेवटची ओळ वाचण्याची युक्ती करून पाहिली. पुस्तक पाठच होते. आता मीच लिहिलेली वाक्ये ती वाचते. चेहऱ्याकडे पाहणे अजून सुटलेले नाही. ही सोबत किती काळ द्यायची, आणि एवढे करूनही प्रगती दिसली नाही तर काय करायचे?

वाचनसोबती

मदत अमुक पुस्तकापर्यंत पोचल्यावर थांबवावी, असे मी मानत नाही. कधीही न पाहिलेला मजकूर वाचताना मूल चुकते, स्वतःच थांबते, मागे जाते आणि दुरुस्त करते, असे वारंवार दिसू लागले की बैठका कमी करायला हरकत नाही. त्या एकदम बंद करू नयेत. रोजच्या ऐवजी एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा अशा कराव्यात आणि पुढचे वर्षभर अधूनमधून अनोळखी उतारा वाचून घ्यावा. आधी मिळवलेले पुढे टिकले का, हा साशंक यांनी काढलेला प्रश्न आपापल्या मुलापुरता तपासण्याचा याहून सोपा मार्ग नाही. वर्गशिक्षकांशीही बोलून घ्यावे, कारण येथे आपण थांबून वाट पाहायची आणि वर्गात तिला अंदाजाने पुढे रेटायचे, असे झाल्यास तिचा गोंधळ वाढेल.

नियमित आणि नेमके शिकवूनही दोन-तीन महिन्यांत काहीच हलले नाही, कालचे अक्षर आज नव्याने शिकवावे लागले, किंवा घरात आणखी कोणाला वाचन-लेखनाची अशी अडचण असेल, तर डिस्लेक्सियाच्या (वाचन-लेखनातील विशिष्ट अडचणीच्या) दृष्टीने तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. त्याचा बुद्धीशी किंवा आळसाशी संबंध नसतो, आणि तपासणीनंतरही शिकवण्याची दिशा बहुधा हीच राहते, केवळ पायऱ्या अधिक लहान आणि उजळणी अधिक दाट होते. तपासणी होईपर्यंत बैठका चालू ठेवाव्यात, आणि तज्ज्ञांकडे जाताना प्रगतिपुस्तकापेक्षा तिच्या चुकांची वही आवर्जून न्यावी. कोणता शब्द तिने कसा वाचला, हे तारखेनिशी लिहिलेले असेल तर तपासणाऱ्याचे निम्मे काम तेथेच होते.